हातात मावेल तेवढंच

आमच्या धाकट्या मावशीच्या यजमानांइतक्या तयारीनं घरात राहणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल. तयारी कशाची, तर घरातून बाहेर पळण्याची. त्यांच्याकडे गेलं की चहापाण्याआधी ते आपल्याला मागचं दार, पुढचं दार आणि अंगणातली मोकळी जागा दाखवतात. दाराशी खुंटीला एक कापडी पिशवी कायम टांगलेली असते. तिच्यात बॅटरी, रेशनकार्ड, घराचे कागद आणि गूळ-शेंगदाणे. बैठकीतल्या फळीवर एक तांब्या पालथा घातलेला आणि त्याच्या बुडावर एक फुलपात्र तोललेलं. जमीन हलली की फुलपात्र पडणार, खणखणाट होणार आणि घर जागं होणार. भूकंपानंतरच्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी अशी भांडी रचलेली असायची. पुढे लोक विसरले, भांडी परत मांडणीत गेली. मावशीच्या यजमानांकडे, म्हणजे आमच्या काकांकडे मात्र ती फळीवरच राहिली. मांजरानं, जाणाऱ्या ट्रकनं, एकदा तर वरातीतल्या बँडनं ते फुलपात्र पाडलेलं आहे आणि प्रत्येक वेळी सगळं घर अंगणात आलेलं आहे. मावशी येताना निवडायची भाजी घेऊनच येते. तेवढंच ऊन मिळतं, असं तिचं म्हणणं.

काका मुरुडला शाळेत मास्तर होते आणि लातूरहून रोज एसटीनं जायचे. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असं जिथं लिहिलेलं असतं, त्याच खिडकीशी बसायचे. मागच्या सीटवर आदळून आदळून त्यांची कंबर गेली, पण जागा बदलली नाही. कुणाच्या घरी मुलगी पाहायला गेले तरी आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघायचे आणि पत्रिकेच्या आधी बीम-कॉलमची चौकशी करायचे. लग्नात शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसायचे आणि पहिल्या पंगतीला जेवून मोकळे व्हायचे.

या सगळ्याचं मूळ एका घड्याळात आहे. भूकंप झाला तेव्हा त्यांची मुलगी पल्लवी अगदी तान्ही होती. घर हलायला लागलं तशी मावशीनं पोरीला छातीशी धरलं आणि ती अंगणात धावली. थोड्या वेळानं काका बाहेर आले, ते बगलेत भिंतीवरचं घड्याळ घेऊन. ते घड्याळ इतकं उंच लावलेलं होतं की काढायला स्टूल लागायचं. म्हणजे भिंती डोलत असताना हा माणूस स्टुलावर चढला होता. पुढचे काही दिवस सगळी गल्ली रस्त्यावर झोपली आणि वेळ विचारायला सगळे काकांकडे यायचे. मावशीनं ही गोष्ट आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितली आहे की आम्हा भाचरांना ती पाठ आहे. ती सांगायची तेव्हा काकाही सगळ्यांबरोबर हसायचे. पण ते घड्याळ त्यांनी पुन्हा कधी भिंतीला लावलं नाही, ट्रंकेत घालून ठेवलं. त्यातून त्यांनी जन्मभराचा कायदा मात्र काढला. "दारात इचार करायची पाळी आली की माणूस चुकतो. काय उचलायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. एकच. हातात मावंल तेवढंच."

पल्लवी मोठी झाली तोवर लातूर क्लासेसचं गाव झालं होतं. बाहेरगावची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन गल्लीगल्लीत दिसायची, घराघरावर मजले चढत होते आणि मजल्यामजल्यावर क्लास निघत होते. सगळ्यात नावाजलेला क्लास तिसऱ्या मजल्यावर होता. काका जिना मोजत वर गेले. तिथल्या सरांनी आमची पोरं कशी मेडिकलला लागतात ते रंगवून सांगितलं. काकांनी विचारलं, "लागत्याल हो, पण उतरत्याल कुठून?" शेवटी पत्र्याच्या शेडमध्ये भरणारा तळमजल्याचा एक क्लास त्यांनी शोधून काढला. पल्लवीचं नशीब चांगलं, तिथले सर चांगले निघाले आणि तिला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

आता कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि मी नांदेडला नोकरीला, त्यातून ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा, म्हणून घरातला जाणकार मीच ठरलो. मी दोन्ही बाजू नीट मांडल्या. एकच लॅपटॉप घेतला तर सुटसुटीत, लाईट गेली तरी चालतो. पण ड्रॉइंगची जड कामं करायला डेस्कटॉप बरा. तेव्हा दणकट डेस्कटॉप आणि जोडीला हलकासा लॅपटॉप अशी जोडी घेतात काही जण. पल्लवीचं म्हणणं, एकच लॅपटॉप बास. काकांचंही तेच, फक्त कारण निराळं. त्यांनी मला विचारलं, "ह्यातलं घेऊन पळता कोणतं येतंय?"

तरीही निर्णय काही होईना. आज वजनाची शंका, उद्या बॅटरीची, परवा जुन्या विद्यार्थ्याचा सल्ला घ्यायचा राहिला. हॉस्टेलचे पैसे भरायची तारीख जवळ येत चालली तसं माझ्या लक्षात आलं की कॉम्प्युटर ठरत नाही तोवर पोरगी जात नाही, असा हा हिशोब आहे. मावशीला ते माझ्या आधीच कळलं होतं. तिनं एके दिवशी बापलेकींना सरळ नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं.

नांदेडला काकांनी आधी हॉस्टेल पाहिलं. प्रत्येक भिंत वाजवली, तळमजल्याची खोली मागून घेतली, वॉर्डनबाईंना मोकळं मैदान कुठे आहे ते त्यांच्याच हॉस्टेलमध्ये दाखवलं. मग आम्ही दुकानात गेलो. दुकानदार एका लॅपटॉपमधलं काय काय चांगलं ते सांगत होता. काकांनी ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला, बगलेत धरला आणि झपाझप दाराकडे निघाले. वॉचमननं त्यांना धरलं. पल्लवी लाजून दुसऱ्याच दुकानात जाऊन उभी राहिली. मी मधे पडलो तेव्हा काका वॉचमनला शांतपणे सांगत होते, "चोरी न्हाई हो, तपासून बघायलोय." तो लॅपटॉप पास झाला.

पल्लवी हॉस्टेलला जायला निघायच्या आदल्या दिवशी मी तिला न्यायला लातूरला गेलो होतो. पल्लवीनं क्लासच्या नोट्स, फोटो, गाणी, सगळं त्या लॅपटॉपमध्ये भरलं, तो बॅगेत घातला आणि वर चार ड्रेस ठेवले. टेबल रिकामं झालं. काका दारातून त्या टेबलाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, डेस्कटॉप पण घ्यायचा. पल्लवीनं विचारलं, "बाबा, मी तिकडं. मग इथं तो वापरणार कोण?" सुट्टीत लागतो, जड कामाला लागतो, दादाच म्हणाला होता, असं करत त्यांनी माझंच बोलणं तिला ऐकवलं. मावशी आम्हाला नुसतं "घेऊ द्या त्यांना" म्हणाली. हातात मावेल तेवढंच म्हणून आयुष्यभर घोकणाऱ्या माणसाला, पोरीचं सगळंच एका बॅगेत मावलं हे सोसवेना, दुसरं काही नव्हतं.

तर डेस्कटॉप आला आणि तिच्या टेबलावर बसला. काका तो रोज सुरू करायचे. शिकायला नव्हे, यंत्र पडून राहिलं की बिघडतं म्हणून. दुपारभर त्याचा पंखा घरघरत राही. त्याची पेटी घरातली सगळ्यात सपाट जागा आहे असं दिसल्यावर त्यांनी तांब्या आणि फुलपात्र फळीवरून काढून तिच्यावर आणून ठेवलं. त्या घरघरीनं फुलपात्र कणाकणानं सरकेल हे त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

असाच एका रविवारी मी तिथं होतो. जेवणं झाली होती, मावशी जरा आडवी झाली होती, काका पेपर वाचता वाचता पेंगत होते. फुलपात्र पडलं. आम्ही सवयीनं अंगणात आलो आणि बघतो तर काका नाहीत. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या आधी अंगणात असणारा माणूस. मी आत धावलो. पिशवी खुंटीला तशीच होती. काका पल्लवीच्या खोलीत, तिच्या कॉटशी वाकून, तिच्या पांघरुणावर हात ठेवून उभे होते. टेबलावर कॉम्प्युटर घरघरत होता.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ह्या टायमाला पहिलं हिच्याकडंच आलो रे. ती नांदेडला हाय, हे ध्यानातच न्हाई राहिलं."

मावशी दारात येऊन उभी होती. घड्याळाचा विषय काढायला तिला याहून चांगली वेळ मिळाली नसती. तिनं फुलपात्र उचललं, पदरानं पुसलं आणि होतं तिथं ठेवलं. मग म्हणाली, "फोन लावा पोरीला. जेवली का इचारा."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते घड्याळ ट्रंकेतून निघून भिंतीला लागलं होतं. स्टूल न घेता हात पोचेल इतकं खाली.