हँडलाला जाळ्याचा दोरा

“थांब रे! हँडल निघतंय, दर्यात जाशील!” नवापूरच्या रस्त्याकडेला जाळं सांधणारा म्हातारा ओरडला. माझी जुनी मोटारसायकल माजलेल्या रेड्यासारखी मान हलवत होती, आणि मी चिंचणीला मुलगी बघायला निघालो होतो. तालुक्यातल्या बाकी सगळ्या मुलींनी मला नाकारून झालं होतं.

हँडलाच्या दांड्यावरचा मोठा नट सैल झाला होता. म्हाताऱ्याने होडीच्या इंजिनाचा पाना आणून तो आवळला, वरून जाळ्याचा दोरा गुंडाळला आणि गाठ दातांनी अशी ओढली, की शेजारचं सगळं तारापूर वीतभर सरकलं.

“टिकेल ना, बाबा?”

“वादळात होडीला हीच गाठ हाय. तू पोरीसमोर हलू नको, म्हंजे झालं.”

मुलीला मी ही सगळी हकिकत रंगवून सांगितली. ती म्हणाली, “पुढच्या वेळी एसटीने या.”