शहाद्याचा पंप आणि प्रकाशाचा पूल

सायकलवाल्यांकडे किस्से टायरमधल्या हवेसारखेच साठतात, आणि आमच्याकडचे बहुतेक किस्से हवेचेच आहेत. दर रविवारी सकाळी आम्ही शहाद्याहून प्रकाशा गावाला, तापीच्या पुलापर्यंत जातो. ग्रुपचा पंप एकच. पुलावर जो शेवटी पोचेल, त्याने तो कॅरियरला बांधून आठवडाभर घरी ठेवायचा. मागे राहतो त्याचाच टायर ढिला असतो, असा आमचा हिशोब!

* * *

कापड दुकानवाले जिग्नेशभाई गियरची महागडी सायकल घेऊनही मागेच पडायचे. म्हणायचे, "आज वारा सामनेथी शे, भो." परतीच्या वाटेवरही वारा समोरूनच! शेवटी मी त्यांचा टायर दाबून पाहिला. पिकलेल्या केळात बोट जावं तसं गेलं. हवा भरली, आणि पुढच्या रविवारी ते आम्हाला पुलावर चहा पिताना दिसले.

* * *

ते बघून पाटील सरांनी टायर दगडासारखा कडक केला. जाताना खड्ड्या-खड्ड्यातून उडत गेले, पण पहिले पोचले. मग सायकल उन्हात लावून देवदर्शनाला गेले. टायर असा फुटला की पायरीवरची म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. सर केळीच्या टेम्पोतून परतले. घरी पोचण्यातही तेच पहिले.

* * *

नाना एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. काकू गेल्या, मुलगा सुरतला, घरात एकटेच. पंप कायम त्यांच्याकडे, कारण शेवटी कायम तेच. चिडवलं तर म्हणायचे, "मन्ही यष्टीनी चाल शे, भो. येस तवय येस." म्हणजे, येईन तेव्हा येईन.

पंपामुळे गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या ओट्यावर. हवा भरायला कुणी आलं की, "बठ, चहा मांडस." मीही एकदा गेले होते. दोन कप चहा झाला, मग हवा.

* * *

आम्हाला मात्र नानांची दया आली. जिग्नेशभाईंनी शनिवारी त्यांना नवे टायर बसवून दिले, हवा बरोब्बर भरली. रविवारी नाना दुसरे आले! आम्ही टाळ्या वाजवल्या. पंप पाटील सरांच्या कॅरियरवर चढला, तेव्हा नाना कठड्याला टेकून नदीकडे बघत होते.

त्या आठवड्यात त्यांनी सरांना रोज फोन केला. "पंप बरा शे ना?" सरांना वाटलं, नाना थट्टा करताहेत. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण का ते कळलं नाही.

* * *

पुढच्या रविवारी माझी चेन उतरली आणि मी मागे राहिले. प्रकाशाच्या अलीकडे उसाच्या कडेला नानांची सायकल उभी दिसली. नाना उकिडवे बसलेले, व्हॉल्व्हचं टोपण दातात, अंगठा व्हॉल्व्हवर. नव्या टायरमधून हवा सूं करत निघत होती.

मला बघून त्यांनी टोपण हातात घेतलं. "तू चाल पुढे, माय. मी येस मांगून."

मी पुढे गेले. नाना बऱ्याच वेळाने पुलावर आले, शेवटचे. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी खिशातून पंप बांधायची दोरी काढली. घरूनच आणली होती.