तीसचा ॲव्हरेज

मन्मथअप्पा गाडीत बसणाऱ्याची पिशवी आधी उघडून बघत. कुणी परभणीच्या लेकीसाठी ज्वारी घेतली असेल, तर ती उतरवून ओट्यावर ठेवायला लावत. "ओझं तेल पितं," म्हणत. मी एकदा म्हटलं, "अप्पा, मंग मलाच खाली ठिवा. ज्वारीपेक्षा मी जड हाय." ते हसले नाहीत. "तुमी डोळ्याच्या सुईला चालल्यात आक्का. ज्वारी कुठं सुईला चालली?"

झरीत त्यांचं किराणा दुकान माझ्या घरासमोरच. गाडी जुनी, पांढरी, लहान. ती ते इतकी सावकाश चालवत, की मागची पोरं हॉर्न वाजवून थकत. पुढं म्हशी दिसल्या की अप्पा लांबूनच पाय काढून घेत. ब्रेक दाबायची वेळ आली तर स्वतःवरच चिडत. "पेट्रोल टाकीत न्हाई जळत आक्का, पायाखाली जळतं." रेल्वे फाटक लागलं की गाडी बंद. चाकातली हवा तर ते घरच्या दुभत्या म्हशीसारखी जपत.

थापा त्यांना सहन होत नसत. एका पोरानं दुकानावर फुशारकी मारली, की त्याची नवी गाडी लीटरला अठ्ठावीस देते. अप्पा म्हणाले, "कंपनीच्या कागदावर देत आसंल. कागदाला खड्डे न्हाईत." मग त्यांनी त्याला रीत सांगितली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर शून्य करायचं. फिरून आलं की पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडी प्याली. किलोमीटरला तेवढ्या लीटरनं भागायचं. मी तिथं साखर घ्यायला उभी होते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण भागाकार येतो. रीत माझ्या ध्यानात राहिली.

त्याच वर्षी माझ्या उजव्या डोळ्यापुढं मधोमध काळा डाग आला. डावा आधीच गेलेला. नांदेडच्या डॉक्टरनं दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यायला सांगितली. पहिल्या खेपेला मी एसटीनं गेले. येताना डोळ्याला पट्टी, पायरी दिसली नाही, झरीच्या स्टँडवर पडले. दुसऱ्या दिवशी अप्पा ओट्याशी येऊन उभे राहिले. "पुढच्या बारीला गाडीनं जाऊ."

"फुकट बसणार न्हाई," मी म्हटलं. "आन् लय लागत आसंल तर डोळा गेला तरी चालंल. खरं सांगा, किती देते गाडी?"

"तीस देते आक्का. जाऊन येऊन सहा लीटर. काय लय न्हाई."

सहा लीटरचे पैसे मला झेपत होते. मी हो म्हटलं.

दर महिन्याला जाताना गावाजवळच्या पंपावर टाकी भरायची, परत येताना तिथंच पुन्हा. अप्पा सहा म्हणत, मी सहाचे देई. हळूहळू डाग विरला. आधी रस्त्याकडेची झाडं दिसली, मग पाट्या वाचता आल्या. पाचव्या खेपेला डॉक्टरनं पट्टी दवाखान्यातच काढली. परत येऊन पंपावर थांबलो. अप्पा हवा भरायला उतरले. मी सहज मीटरकडं बघितलं. एकशे ऐंशी. मग काचेतून पंपाचा आकडा बघितला. दहा लीटर. हा भागाकार करायला चौथीसुद्धा लागत नाही. अठरा.

अप्पा आत बसले. मी विचारलं, "किती लागलं?"

"सहा."

मी सहाचे पैसे काढून दिले. अजून तीन सुया बाकी होत्या. बोलले असते तर एक तर सगळे द्यावे लागले असते, नाही तर जाणं थांबलं असतं. दोन्ही मला नको होतं.

पुढच्या आठवड्यात मी ओट्यावर बसले होते. अप्पा स्टँडकडून चालत आले. खांद्यावर तुरीच्या डाळीचा कट्टा, मानवतहून एसटीनं आणलेला. आधी दुकानाचा माल ते गाडीतूनच आणत. गाडी दारात उभी होती. मला बघून त्यांनी कट्टा सावरला. "गाडीला जरा इसावा द्यायलोय आक्का." मला ते लांबून, स्वच्छ दिसले, मानेवरचा घामही दिसला. मी आत गेले आणि चहा टाकला. एकच कप.

सुया संपल्या. वर्षभरात अप्पा गेले. झोपेतच.

परवा मानवतचा एक माणूस गाडी बघायला आला. अप्पांची बायको काशीबाई दारात उभी होती. त्यानं ॲव्हरेज विचारला.

"तीस," काशीबाई म्हणाली. "आमचे हे आक्काला कायम तीसच सांगायचे. खोटं बोलायचा माणूसच नव्हता तो. इचारा आक्काला, त्याच बसत होत्या."

माणूस माझ्याकडं वळला. काशीबाईही बघायला लागली. तीस म्हटलं असतं तर तिला चार पैसे जास्त मिळाले असते, माझंही झाकलं असतं. पण तो माणूस पुढच्याच महिन्यात टाकी भरून बघणार, आणि मन्मथअप्पा थापाड्या होता असं मानवतभर सांगणार.

"अठरा," मी म्हटलं. "तीस फक्त मला सांगत होते. मला परवडावं म्हणून."

तो माणूस विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला. काशीबाईनं पदरानं बोनेटवरची धूळ पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

"तुमाला ठाव होतं आक्का?"

"होय."

"कवापासून?"

"पाचव्या सुईपासून."

"आन् तरी सहाचेच देत होतात?"

डोळा आता चांगला आहे. पोथीतली बारीक अक्षरंही वाचते. काशीबाईच्या तोंडाकडं मात्र मला बघता आलं नाही.