डेनिसने पास केलेली गाडी

गाडी डावीकडे वळली की डॅशबोर्डवरचा ब्रेकचा तांबडा दिवा लागायचा आणि रस्ता सरळ झाला की विझायचा. वांडा ग्राबोव्स्कीने चार दिवस तिकडे काणाडोळा केला. त्या गाडीत काही ना काही लागत-विझत असायचंच. पाचव्या दिवशी मात्र तिने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. ऑइल तळाला गेलं होतं. तिने ते भरलं. तीन दिवसांनी पुन्हा तळाला.

रात्री तिने गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी मागच्या चाकाजवळ रुपयाएवढा ओला डाग होता. 

वांडा अठ्ठावन्न वर्षांची. सरोवराकाठच्या त्या गावात म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, सूप गरम करून द्यायचं, असं तिचं काम. एजन्सीची अट एकच होती: गाडी स्वतःची हवी आणि काचेवर वार्षिक तपासणीचं स्टिकर हवं. म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने एका बँक मॅनेजरच्या बायकोकडून ही बदामी रंगाची लांबलचक गाडी घेतली. म्हाताऱ्यांना बसा-उठायला ऐसपैस. "रविवारी चर्चला जाऊन परत येण्याएवढीच चाललीय हो," बाई म्हणाल्या होत्या, आणि ते अगदी खरं होतं. उभी राहून राहून तिची सगळी रबरं वाळली होती. पहिल्या वर्षी पाण्याचा पंप गेला. मग गिअरबॉक्स गळायला लागला. एकदा मागची काच आपली आपणच दारात उतरली, ती वर आलीच नाही. तिथे अजून प्लॅस्टिक चिकटवलेलं आहे. टायर मोठे म्हणून महाग, आणि पेट्रोल तर ती पाण्यासारखी प्यायची.

आणि वरून मीठ. नोव्हेंबर ते एप्रिल तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते गाडीला खालून खात जातं. त्यावर उपाय म्हणून लोक दर वर्षी गाडीच्या पोटाला डांबरासारखा काळा थर मारून घेतात. दिसायला गाडी कशी नवीकोरी दिसते. थराच्या आत काय चाललंय, ते कुणी बघत नाही.

गॅरेजवाल्या डेनिस टोथने नोव्हेंबरात जमिनीवर आडवं पडून फवाऱ्याने तिला तो थर मारून दिला होता आणि स्टिकरही लावून दिलं होतं. गाडी लिफ्टवर चढवून खालून न तपासता. "तू माझ्या मॉमला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतेस," तो म्हणाला होता, "तुझ्या गाडीची मी कसली तपासणी करू? घे, कॉफी घे." वांडाला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं! पण स्टिकर खोटं होतं, ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्या गाडीत बसत होती डेनिसची आई.

मागच्या आठवड्यात तिने धीर करून त्याला विचारलंही होतं, "डेनिस, ब्रेक जरा मऊ लागतोय रे."

"थंडी आहे. ऑइल घाल," तो मान वर न करता म्हणाला. वांडा ऑइलची बाटली घेऊन निघून आली. गाडी लिफ्टवर चढली आणि नापास झाली, तर कामही जाणार होतं.

त्या बुधवारी मिसेस टोथ नेहमीसारख्या पर्स मांडीवर घेऊन पुढे बसल्या. वय चौऱ्याऐंशी, जीभ चोविशीची.

"अगं, म्हातारी मी आहे का तू? मागचा तो पाववाला बघ, हॉर्न वाजवतोय."

"रस्ता निसरडा आहे, मिसेस टोथ."

"रस्ता कोरडा ठणठणीत आहे. आणि गाडीची कसली काळजी करतेस? माझ्या डेनिसने पास केलीय ती."

चर्चचा उतार सुरू झाला. खाली सिग्नल लाल होता. वांडाने अर्ध्या उतारापासूनच ब्रेकवर पाय ठेवला. आधी ब्रेक लागला. मग पायाखालून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि ब्रेक सरळ खाली गेला.

तिने पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा, पुन्हा. डाव्या पायाने पार्किंगचा ब्रेक खच्चून दाबला, गिअर खाली ओढला. गाडी आडव्या रस्त्यावर निम्मी शिरली आणि एका दुधाच्या ट्रकच्या वितभर अलीकडे थांबली. ट्रकवाला तोंडाने काय म्हणत होता ते काचेतूनही कळत होतं.

"डोळे आहेत की बटणं?" मिसेस टोथ ट्रकवाल्यावर कडाडल्या. पण त्यांचे दोन्ही हात वांडाच्या बाहीला घट्ट धरून होते.

वांडाने गाडी रांगत रांगत समोरच्या डोनटच्या दुकानापुढे नेली, बंद केली, आणि डेनिसला फोन लावला.

"ब्रेक गेला."

"ऑइल घाल आणि हळूहळू घेऊन ये, बघतो."

"डेनिस, तुझी आई गाडीत आहे."

पलीकडून गॅरेजचं शटर खडखडल्याचा आवाज आला.

दहा मिनिटांत तो टोचन घालायचा ट्रक घेऊन हजर. आईला त्याने दोन्ही हातांनी उचलून वरच्या सीटवर बसवलं. "डायलिसिसला हमाली ट्रकमधून! तिथल्या पोरी काय म्हणतील?" म्हणत त्या गेल्या. आईला सोडून परत येऊन त्याने बदामी गाडी गॅरेजात नेली आणि पहिल्यांदाच लिफ्टवर चढवली.

वांडा दाराशी उभी होती. तिला बघायचं नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. डेनिसने पटाशीने काळा थर खरवडला. खाली ब्रेकचा पाइप होता. त्यावर त्याने नुसता अंगठा दाबला. पाइप बिस्किटासारखा मोडला आणि उरलंसुरलं ऑइल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

त्याने हात पुसलाही नाही. "चारही चाकांचे असेच आहेत," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "मी सगळे नवे टाकून देतो. पैशांचं बोलू नकोस."

"मी पैशांचं बोलतच नाहीये." वांडाला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "डेनिस, न चढवता अशा किती पास केल्यास?"

तो लिफ्टच्या खांबाला टेकला. बाहेरून एक गाडी गेली, दोघांनीही दचकून तिकडे पाहिलं.

"सगळी ओळखीचीच माणसं," तो म्हणाला. "कुणाला पेन्शन, कुणाचं काम सुटलेलं. मला वाटायचं, मी भलं करतोय."

"किती?"

त्याने टेबलाच्या खणातून तपासणीची वही काढली. तिची पानं उलटताना त्याचा अंगठा प्रत्येक पानावर तेलाचा ठसा उमटवत होता. वांडाने ती त्याच्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि स्टूल ओढून बसली. वही तिने गुडघ्यावर उघडून धरली.

"मी नंबर सांगते, तू लाव. पहिली लिंडक्विस्टबाई. ती दोन वाजता नातवंडांना शाळेतून आणायला निघते."

घड्याळात पावणेदोन झाले होते. डेनिसने नंबर फिरवला. पलीकडे रिंग जात राहिली, जात राहिली.

"उचल," तो पुटपुटत होता, "उचल गं बाई."