खोबरेल घातलेली गाण्याची पेटी

ब्रह्मदेवाने आमच्या चुलत सासऱ्यांना जन्माला घालण्याआधी हे जग नुसते दाखवायला नेले असते, तर त्यांनी ते चहूबाजूंनी ठोकून पाहिले असते, वास घेतला असता आणि "बघूया, दुसरा एखादा आसा काय?" असे म्हणून परत आले असते. न पारखता घेतलेली त्यांच्याकडची एकच गोष्ट म्हणजे त्यांचा जन्म, आणि तिच्याबद्दलही ते फारसे समाधानी नव्हते.

दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. तीस वर्षे त्यांनी मुंबईला बंदरावरच्या एका गोदामात धान्याची पोती तपासली. हातातली पितळी परखी पोत्याच्या पोटात खुपसायची, तिच्या पन्हळीतून मूठभर दाणे आले की ते तळहातावर घेऊन बघायचे, हुंगायचे, दाताखाली धरायचे आणि मग मान हलवायची. नोकरी संपवून ते तोंडवलीला घरी आले तेव्हा ती परखी ओटीवरच्या खुंटीला लागली, पण सवय काही खुंटीला लागली नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि त्यात आमची दोन घरे शेजारी शेजारी. म्हणजे या माणसापासून पळून जायचे तर होडीच करायला हवी. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे.

छत्री घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी ती मालवणातून बघायला म्हणून आणली आणि भर पावसात पागोळीखाली तासभर उघडी धरून उभे राहिले. पायाशी वर्तमानपत्राचा कागद. त्यावर दोन थेंब दिसले, छत्री परत गेली, आणि तो सगळा पावसाळा आबा इरले घेऊन हिंडले. कंदील घेतला तो समुद्रावरच्या वाऱ्यात पेटवून, तीन संध्याकाळी. मासळी विकणाऱ्या बायका तर त्यांना लांबून बघितले की पाटी झाकून घेत. एकेका बांगड्याचा कल्ला उचलायचा, डोळा दाबायचा, शेपटी धरून आडवा करायचा आणि पुढच्या पाटीकडे जायचे. एकदा एक जण कंबरेवर हात ठेवून म्हणालीच, "अवो, बांगडो खावचो आसा, तेका काय चेडू देवचा आसा?"

चेडू, म्हणजे मुलगी, देताघेताना तरी वेगळे काय होते म्हणा. मला बघायला ते माझ्या माहेरी, मिठबावला आले तेव्हा मला एक शब्द विचारला नाही. आमच्या घराचे खांब ठोकले, विहिरीचे पाणी काढायला लावले, चूळ भरून प्यायले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पाणी बरा आसा. चेडूय बरा आसतला." माझे लग्न पाण्याने ठरवले. मी हे कित्येक वर्षे त्यांना ऐकवत होते, आणि ते दर वेळी गंभीरपणे विचारत, "मगे? चुकलंय काय?"

काकी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला हसून हसून साठीला आली. वाडीत तिच्यासारखा गळा नव्हता. गौरीच्या फुगड्यांना तिने गाणे उचलले की खाडीपलीकडचा होडीवाला वल्हे थांबवी. आणि त्याच बाईच्या छातीत दुखणे शिरले. आधी खोकला, मग ताप, मग पदराला रक्त. मालवणचे डॉक्टर होडीने आले, होडीने गेले, आणि घरात जे बोलले नाहीत ते त्यांनी धक्क्यावर माझ्या नवऱ्याला सांगितले. औषध आले की पहिला घोट आबा स्वतः घेत, कडू तोंड करत, आणि मगच तिला देत. तिचा गळा तर आधीच गेला होता. बोलली तरी कान तोंडाजवळ न्यावा लागे.

साल सत्तावन्न किंवा अठ्ठावन्न असेल. चतुर्थीला वाडीत एक चाकरमानी मुंबईहून चावीचा ग्रामोफोन घेऊन आला. पाच दिवस वाजवला आणि गणपती पोहोचवून परत घेऊन गेला. काकी पडवीत पडल्या पडल्या ऐकत होती. तो गेल्यावर तिने आम्हा सगळ्यांना जवळ बोलावले.

"माका एक गाण्याची पेटी होयी," ती कुजबुजली. "माझ्या गळ्यात आता काय रवाक नाय. पेटीच्या गळ्यान तरी आयकान." मग आबांकडे बघून हसली. "आणि आयका. पेटी घरात येयसर मी काय मरूचंय नाय. यमाक सांगान, बाबा, रव जरा, आमचे अजून बघतत."

पेटी घरात येईपर्यंत मरणार नाही म्हणे! आम्ही हसलो. काय करणार, तीच हसत होती. आबा तेवढे हसले नाहीत. मला वाटले, खर्चाच्या विचारात पडले.

दुसऱ्याच दिवशी ते तळाशीलहून होडीने सर्जेकोटला उतरून चालत मालवणात गेले. बाजारात घड्याळे, सायकली, बत्त्या असे सगळे विकणारे एक दुकान होते. तिथे हलवता येतील अशा, झाकण लावले की ट्रंकेसारख्या दिसणाऱ्या तीन पेट्या कितीतरी दिवस पडून होत्या. त्यातली सर्वांत स्वस्त हिरवी, तिची कडी तुटलेली. आबांनी तिन्ही पारखायचे ठरवले. दुकानदाराला वाटले, आठ दिवसांचा मामला आहे. बिचारा.

पहिली पेटी त्यांनी घरात आणलीच नाही. समुद्रावर आमचा मांगर होता, जाळी आणि वल्ही ठेवायचा. तिथे ती ठेवली. न पारखलेली वस्तू आजारी माणसाच्या कानात घालायची नाही, असा कायदा काढला. रोज सकाळी उपड्या होडीवर पेटी मांडायची, चावी द्यायची, तबकडी लावायची आणि कानामागे हात धरून माडांतून खाडीच्या दिशेने चालत सुटायचे. तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला, "आवाज माडाच्या तिसऱ्या रांगेपर्यंत येता. फुडे मरता." परत! दुसऱ्या पेटीची चावी तबकडीच्या शेवटच्या ओळीला अपुरी पडत होती. "धा पावलां चललंय काय बसूक होया, अशी पेटी माका नको," आबा म्हणाले. "तसा एक माणूस घरात आसा, ता पुरे." हे बोलून त्यांनी पेटीला झाकण लावले आणि परत करायला काढली. मला मात्र तेव्हा राग आला. माणसाने असे बोलावे?

आणि काकी? ती वाऱ्यावर जगत होती. सकाळी डोळे उघडले की मला विचारी, "गो, आज वारो खंयचो?" समुद्राकडचा असला की गाण्याची एखादी ओळ तुटत तुटत पडवीपर्यंत यायची. ती हात वर करून आम्हाला गप्प करी. भांडे वाजले तरी कपाळाला आठ्या. दिवसाला एक ओळ, कधी अर्धी. तेवढ्यावर ती बाई दिवस काढत होती.

तिसरी, हिरवी पेटी दिवाळीच्या सुमारास आली. हिची परीक्षा संपेचना. उन्हात वाजवून झाली, वाऱ्यात झाली, खारे पाणी शिंपडून झाली. चक्र किंचित करकरते असे त्यांना वाटले. दुकानदाराने यंत्राचे तेल आणायला सांगितले होते. पण आमच्याकडे तेल म्हणजे खोबरेल. रहाटाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, शिवणाच्या यंत्राला तेच, डोक्याला आणि कढईतही तेच. मीच वाटी भरून दिली. आबांनी पेटी उघडून पिसाने सगळ्या चक्रांना भरपूर खोबरेल पाजले. काय पेटी चालली म्हणता! करकर नाही, धाप नाही. मी म्हटले, झाले, सुटलो. कसले काय! "अजून जरा बघूया," आबा म्हणाले. शेवटी दुकानदारच हात जोडून म्हणाला, "आबानु, पेटी तुमच्याकडेच रवांदे. पसंत पडली काय तेवढा सांगा."

मार्गशीर्षात काकीने जेवण सोडले. पेजेचे पाणी तेवढे घेई. एका सकाळी तिचे अंग पुसताना माझ्या हाताला नुसती हाडे लागली, आणि तिकडून वाऱ्यावर गाणे येत होते. माझे डोके फिरले. हातातला ओला पंचा तसाच घेऊन मी समुद्रावर गेले. सून म्हणून जे कधी तोंडातून काढू नये ते सगळे काढले.

"आबानु, किती बघतालास? काकी थंय मरतत आणि तुमी हंय होडयेवर बसान गाणी आयकतास! जरा तरी लाज आसा?"

त्यांनी सुई उचलून बाजूला ठेवली. तबकडी फिरत फिरत थांबली.

"तिना काय सांगलेला, तुका आठवता?" त्यांनी विचारले.

"काय सांगलेला?"

"पेटी घरात येयसर मरूचंय नाय म्हणान." ते समुद्राकडे बघत होते. "पेटी बरीच आसा गो. पयलीय बरीच होती. माका काय कळाक नाय? पण घरात नेलंय काय..."

मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. बाजारातली माणसे, मासळीवाल्या, दुकानदार, आम्ही घरचे, सगळे ज्याला विक्षिप्त म्हणून हसत होतो, तो माणूस तीन महिने एकटा यमाला दारात थोपवून बसला होता. तरी माझा राग पुरता गेला नाही, हेही खरे सांगते. डोळे पुसून मी म्हटले, "पण तेंका आयकाक होया, आबानु." ते म्हणाले, "जाणतंय." आणि पेटी पुन्हा मांगरात ठेवली.

पौषात थंडी पडली. आमच्याकडे थंडी ती काय, वर्षाकाठी पंधरा दिवस. पण त्या वर्षी माणसे शेकोटी करून बसत होती, आणि पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे. आबा ऊन वर आल्यावर पेटी लावत, ते गाणे सगळे दर्यावर जाई. काकीला आठ दिवसांत एकही ओळ मिळाली नाही. नवव्या दिवशी उजाडता उजाडता तिने माझा हात धरला. मी कान तोंडाजवळ नेला.

"पेटी हाड," ती म्हणाली. "आता पुरे झाला तेंका सांग."

सांगावे लागले नाही. आबा दाराशीच उभे होते. ते मांगराकडे गेले आणि पेटी पोटाशी धरून घेऊन आले. उंबऱ्याशी क्षणभर थांबले. मग आत आले. तिच्या उशाशी पाट मांडून त्यावर पेटी ठेवली, चावी दिली, भूपाळीची तबकडी लावली. तबकडी अर्धा फेरा फिरली, कण्हली आणि थांबली. आबांनी आणखी चावी दिली. हलेना. मी तबकडीखालची फळी उचलून बोट घातले, तर आत सगळे पांढरे, घट्ट. माझ्या डोक्याच्या तेलाची बाटली त्या थंडीत जशी थिजली होती, तसेच पेटीतले खोबरेल थिजले होते. ऊन, वारा, खारे पाणी, सगळ्यात पारखलेली पेटी. थंडीचे कोणाच्या मनात आले नाही. तोंडवलीत थंडीचे कोण मनात आणतो? आणि तेल मी दिलेले.

"शेकून हाडतंय," म्हणून मी चुलीकडे धावले. काकीने हाताने थांबवले. तिला वेळ नव्हता, हे तिला माहीत होते.

तेव्हा आबांनी तबकडीच्या मधल्या कागदावर उजव्या हाताचे बोट टेकले आणि ती फिरवायला लागले. पोत्यांवर आयुष्य गेलेले ते जाड बोट. आधी इतके सावकाश की गाणारी बाई घोगऱ्या आवाजात रेकायला लागली. काकीचा चेहरा फुलला. "अगो, बायलेचो बाप्यो झालो!" म्हणून ती हसली, खोकली, पुन्हा हसली. आबा घाबरून जोरात फिरवू लागले, तर बाई चिमणीसारखी चिवचिवली. काकीच्या डोळ्यांतून पाणी. मीही हसत होते आणि रडत होते. मग कुठेतरी त्यांच्या बोटाला चाल सापडली. दोन ओळी, फार तर तीन, अगदी सरळ, गोड, जशा त्या गायल्या होत्या तशा आल्या. काकीचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

ओळ संपली आणि तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बरी आसा," ती म्हणाली. "हीच घेवया."

"अजून एकदा बघूया," आबा म्हणाले.

"नको. माका पसंत आसा."

आबांनी तिच्याकडे बघितले. पुष्कळ वेळ बघितले. मग म्हणाले, "बरा." आणि पहिल्या होडीने मालवणात जाऊन पेटी पसंत असल्याचे दुकानदाराला सांगून आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी गेली. आंब्याची लाकडे आली तेव्हा आबा अंगणात उभे होते. सरपण ओले की सुके, हे एरवी दोन ओंडके एकमेकांवर आपटून आवाजावरून सांगणारा माणूस. त्यांनी एकही ओंडका उलटून बघितला नाही.

त्यानंतर त्यांनी काहीच पारखले नाही. समोर येईल ते घेत. गळकी घागर आणली, किडके तांदूळ आणले. मासळीच्या पाटीपुढे पिशवी उघडी धरून नुसते उभे राहत. मग त्याच बायका, ज्या पाटी झाकत होत्या, आपणच कल्ले उचलून बघत आणि बरे बांगडे निवडून त्यांच्या पिशवीत टाकत. दुकानदार म्हणत होता, पेटी आणून द्या, रॉकेलने धुऊन देतो. आबांनी धुवू दिली नाही.

आबाही गेले, आता पेटी माझ्याकडे आहे. आतले खोबरेल अजून तेच, खवट वास येतो. वर्षभर ती बरी चालते. पौषात मात्र तेलाची बाटली आणि पेटी मी दोन्ही उन्हात पायरीवर ठेवते. पण सकाळची पहिली भूपाळी ऊन यायच्या आधीच लावते, आणि बोटाने फिरवते.