पीएच.डी.नंतर काय, हे विचारत फिरताना

आमच्या कॉलेजात प्राध्यापकांनी एखादा छोटा संशोधन प्रकल्प घ्यावा असं ठरलं, तेव्हा मी विषय निवडला तो असा : पीएच.डी. करणारी मुलं पुढच्या नोकरीचा विचार कसा करतात आणि विद्यापीठाच्या करिअर कक्षाचा त्यांना काही उपयोग होतो का. मी साताऱ्यात शिक्षणशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली बी.एड.ची मुलं नोकरीबद्दल सतत बोलत असतात. पीएच.डी.ची मुलं मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे मला बरीच वर्षं जाणवत होतं. विषय ऐकून एक सहकारी म्हणाले, "यात संशोधन काय करणार? जागा निघत नाहीत. झालं तुमचं संशोधन."

दिवाळीनंतर मी मुलाखतींना सुरुवात केली. शनिवारी सकाळची एसटी धरायची, सांगलीत किंवा वाटेतल्या एखाद्या कॉलेजात दोघातिघांना भेटायचं, संध्याकाळी परत. बोललेलं बाहेर जाणार नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगत असे. पहिला प्रश्न ठरलेला : पीएच.डी. झाल्यावर काय? बहुतेक उत्तरं 'बघू' या शब्दानं सुरू व्हायची. काहीजण तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि पुढेही तेच करत राहू असं म्हणत होते. कराडकडचा एक मुलगा, घरी ऊस आणि थोरला भाऊ फौजेत, जरा मोकळेपणानं बोलला. "भावाला रिटायर कवा व्हायचं ते भरतीच्या दिवशीच कळलं. माझं सबमिशन कवा, ते माझ्या गाइडलाबी ठाऊक न्हाई. त्याच्या पुढचं काय सांगू?"

करिअर कक्षाबद्दल विचारलं की मुलं गोंधळायची. तो आपल्यासाठी असतो हे कुणाला माहीतच नव्हतं. म्हणून मी तिथे जाऊन आले. कक्षाचे प्रमुख संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, हे काम त्यांच्याकडे जादाचं होतं. चहा मागवून ते म्हणाले, "पीएच.डी.ची मुलं माझ्याकडे कशाला येतील, मॅडम? त्यांचं ठरलेलंच असतं ना."

"काय ठरलेलं असतं?"

"प्राध्यापक व्हायचं." मग त्यांनी थोडा विचार केला. "आणि कंपन्या येतात त्या पदवीची मुलं मागतात. पीएच.डी.वाला म्हटलं की त्यांना वाटतं, हा वाद घालणार."

माणूस कामचुकार नव्हता. ही मुलं आपल्या कक्षेत येतात, असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. निघताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पीएच.डी. केलीत तेव्हा कुणाला विचारलं होतंत?" मी आठवून पाहिलं. कुणालाच विचारलं नव्हतं. माझ्या गाइडनी एका प्राचार्यांना फोन केला होता आणि मी रुजू झाले होते.

"माझंही तसंच," ते म्हणाले.

जानेवारीत सांगलीतल्या एका कॉलेजात मला एक मुलगी भेटली. रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, प्रबंध शेवटच्या टप्प्यात होता. शेतात फवारलेली औषधं विहिरींच्या पाण्यात किती उतरतात, यावर तिचं काम होतं. घर जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. घरची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता मेंढरं थोडी आणि कोरडवाहू शेती थोडी. गावात पीएच.डी. करणारी ती पहिलीच. आम्ही प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात बसलो होतो. मी पहिला प्रश्न विचारला, तशी ती म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डिंग बंद कराल का?"

मी फोन पिशवीत टाकला.

"मला नोकरी लागलीय," ती म्हणाली. "सरांना माहीत नाही."

सर म्हणजे तिचे गाइड. नोकरी सांगलीजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत होती. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर औषधाचा अंश किती उरलाय, ते तिथे तपासतात. पाण्यात ती जे शोधत होती, तेच इथे द्राक्षांत शोधायचं होतं. एकदा कॉलेजातलं यंत्र बंद पडलं म्हणून ती आपले नमुने घेऊन त्या प्रयोगशाळेत गेली होती आणि काम होईपर्यंत थांबली होती. तिथल्या मुख्य बाईंनी तिला यंत्रावर हात चालवताना पाहिलं आणि सरळ विचारलं, येतेस का? नंतर रीतसर मुलाखतही झाली. मार्चमध्ये रुजू व्हायचं होतं.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"सर म्हणतात, थांब, जागा निघतील. त्यांनी आपली एक जागा माझ्यासाठी मनात धरलीय. ती निघालीच नाही तर त्यात त्यांची चूक नाही. पण मी थांबले नाही असं कसं सांगायचं?"

मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. मुलाखत घेणाऱ्यानं सल्ला देऊ नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते.

पुढच्या आठवड्यात गाइडचा फोन आला. आम्ही एकमेकांना चर्चासत्रांमुळे ओळखत होतो. माझ्याहून वयानं मोठे, विद्यार्थ्यांसाठी धावपळ करणारे म्हणून प्रसिद्ध. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "आमच्या मुलीशी बोललात म्हणे. काय म्हणाली पुढचं?"

"सर, ते मला सांगता येणार नाही."

"अहो, मी परका आहे का? मुलीसारखी आहे ती मला."

"म्हणूनच तुम्ही तिलाच विचारा."

मग ते म्हणाले, "म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे." आणि फोन ठेवला. माझं वाक्य चुकलं होतं. न सांगताही मी निम्मं सांगून बसले होते. मी लगेच तिला फोन करून हे कळवलं. ती रागावली नाही. म्हणाली, "बरं झालं. आता सांगायलाच लागेल. पण आधी आबांना सांगते. त्यांना बाहेरून कळायला नको." आणि पुढे, "तुम्ही येता का? तुम्हाला घरची माणसं काय म्हणतात तेही हवंच होतं ना?"

खरं तर ते माझ्या प्रकल्पात बसत नव्हतं. तरी मी गेले.

जतच्या पुढे रस्त्याला दोन्ही बाजूंनी शाळूची काढणी चालली होती. तिचे आबा, म्हणजे वडील, रानातच होते, कडब्याच्या पेंढ्या बांधत. मला बघून त्यांनी डोक्याचा पटका नीट केला आणि बाभळीखाली घोंगडं अंथरलं. "बसा बाई. ऊन लय हाय." बांधावर सुटलेल्या मेंढीला त्यांनी कन्नडमध्ये हाक मारून वळवलं.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि सरळ सांगून मोकळी झाली. "आबा, मला नोकरी लागली. पर कालेजात न्हाई."

"मग कुटं?"

"लॅबमधी. द्राक्षांवर औषद किती ऱ्हायलंय ते तपासायचं."

म्हातारा काही वेळ पेंढीची गाठ आवळत राहिला. "म्हंजी लोकांच्या मालात खोट काडायची."

"असली तर काडायची."

"शेतकरी शिव्या देत्याल तुला."

"देत्याल."

"मास्तरीन हुनार म्हणून गावाला सांगून बसलोय मी. आता काय सांगू?"

"लॅबमधी हाय म्हणून सांगा."

"त्ये काय असतंय, कोन इचारंल तर?"

पाण्याचा, औषधाचा, यंत्राचा सगळा प्रकार तिनं तिच्या बोलीत, मध्येच कन्नड शब्द घालत त्यांना समजावून सांगितला. तिचं प्रबंधावरचं सादरीकरण मी ऐकलं नव्हतं, पण इतकं स्वच्छ ते झालं असेल असं वाटत नाही. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आपल्या हिरीचं पानी बगितलंस का त्यात?"

"बगितलं. बरं हाय. आपल्याकडं फवारायला हाय काय?"

ते हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आमी मेंढरामागं हिंडलेली मान्सं. एका जाग्यावर चारा न्हाई म्हटल्यावर फुडं जायाचं, ह्ये आमाला काय नवं न्हाई. गावाला काय सांगायचं, त्येवढाच घोर हाय." भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांनी मला उठू दिलं नाही.

गाइडना तिनं सोमवारी सांगितलं. मी तिथे नव्हते, तिनं नंतर फोनवर सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि वर्गावर निघून गेले. त्यानंतर कित्येक दिवस तिच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. प्रबंधाची प्रकरणं मात्र तपासून टेबलावर ठेवलेली असायची, पूर्वीपेक्षा लवकर. मग एके दिवशी त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "रुजू व्हायच्या आधी सबमिशन झालं पाहिजे. एकदा तिकडे गेलीस की होत नाही." आणि ते झालं.

एप्रिलमध्ये त्यांचा मला पुन्हा फोन आला. मला वाटलं, जुना राग असेल. पण ते म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. हे खाजगीवाले मुलाखतीत नेमकं काय विचारतात? माझ्याकडे अजून काही मुलं आहेत. मला कॉलेजबाहेरचं काहीच माहीत नाही." आवाजात संकोच होता. मी म्हणाले, मलाही माहीत नाही, तिलाच विचारा. ते म्हणाले, "विचारतो. आता माझ्यापेक्षा तिलाच जास्त माहीत."

माझा अहवाल पूर्ण झाला. त्यात मी लिहिलं, की करिअर कक्ष पीएच.डी.च्या मुलांसाठीही असतो हे त्यांना आणि कक्षालाही कळवायला हवं, आणि त्या कामात गाइडना सामील करून घ्यायला हवं. अहवाल वाचून कक्षाचे प्रमुख मला म्हणाले, "चला, करून बघू." पावसाळ्यानंतर त्यांनी एक दुपार ठरवली आणि, तिच्या परवानगीनं मी तिचं नाव सुचवल्यावर, तिला बोलायला बोलावलं. मोजकीच मुलं आली, बहुतेक मागच्या बाकांवर बसली. अर्ज कसा करायचा, आपल्या प्रबंधातलं काम बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत कसं सांगायचं, हे ती सावकाश सांगत गेली. तिचे गाइड खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

शेवटी तिनं, प्रश्न विचारा, असं म्हटलं. मग मृदाशास्त्राची एक मुलगी उठली. "ताई, तुम्ही सरांना कसं सांगितलंत?"

खोलीतली मुलं पहिल्यांदाच सरसावून बसली. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं. गाइडनी हातानंच, सांग, अशी खूण केली.

"आधी घरी सांगितलं," ती म्हणाली. "मग सरांना. सोमवारी सकाळी, त्यांचा तास सुरू व्हायच्या आधी. म्हणजे जास्त वेळ बोलायला लागू नये."

मुलं हसली, गाइडही हसले. मृदाशास्त्राची मुलगी हसली नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला, "आणि ते काही बोललेच नाहीत, तर?"

"तर काम करत राहायचं," ती म्हणाली. "ते प्रकरणं तपासत होते."