षष्ठी की सप्तमी

सुरतेच्या प्रयोगशाळेत मी मेलेल्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी तपासायचो. अश्रू नव्हेत, बाबांनो. डोळ्याच्या आतलं दाट पाणी. माणूस गेला की पोटॅशियम हळूहळू त्यात झिरपतं, ते मोजून मरणाची वेळ काढायची. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या हाती एवढंच होतं. दिवसभर पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्राच्या ज्योतीपुढे बसायचं, वर मे महिना. नुसता वीट यायचा. शिवाय उकाड्यात पोटॅशियम भराभर वाढतं, त्यामुळे निघालेल्या वेळेची छातीठोक खात्री मी कधीच दिली नाही.

एकदा सुरतेतल्याच बमरोलीच्या एका खोलीत लूमवरचा, कापडाच्या मागावरचा एक कामगार मेला. एकटाच राहायचा. दाराला आतून कडी, आणि सोमवारी सकाळी शेजाऱ्यांनी दार तोडलं. हृदय बंद पडलं, असं निघालं. वेळ काढायला त्याचं पाणी माझ्याकडे आलं.

चार दिवसांनी त्याच्या थोरल्या भावाने मला चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, गाठलं. तोही लूमवरच, उधन्याला. मीही त्याच्यासारखा खान्देशातला, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आईला श्राद्धासाठी तिथी हवी, म्हणाला. रविवारी दुपारी एकला षष्ठी संपून सप्तमी लागली, तर कुठली धरायची? कॅलेंडरचं पान घडी करून खिशात आणलं होतं. मी वैतागलो. म्हटलं, हे भटजीला विचारा, आमचं पाणी तिथ्या सांगत नाही.

तो हलेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठवडाभर आधी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. रविवारी दोनला हा मिटवायला म्हणून गेला, दार ठोकलं, आतून ओ नाही. मुद्दाम उघडत नाही असं वाटून तणतणत परत फिरला. एवढं सांगून होईपर्यंत नीट मराठीत बोलत होता. मग एकदम घरच्या अहिराणीवर आला.

“मी दार ठोकं तवय तो जित्ता व्हता का?”

आकडा मला पाठ होता. त्यातून भर दुपार निघत होती, आणि उकाडा धरला तर मरण त्याहूनही अलीकडचं, संध्याकाळचं, त्याने दार ठोकल्यानंतरचं. अहवालात मी रविवार सकाळपासून रात्रीपर्यंतचा ऐसपैस काळ लिहून मोकळा झालो होतो.

“षष्ठी धरा,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, पान खिशात ठेवलं आणि गेला. मला स्वतःची चीड आली, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

वर्षाने तो पुन्हा लारीवर आला, हातात डबा. खीर आणि वडे. वर्षश्राद्ध झालं, आईने कालच घालून घेतलं, षष्ठीला, म्हणाला. डबा गरम होता. मी विचारलं, मग हे कालचं कसं?

“घरचं काल झालं,” तो म्हणाला. “हे माझं. आज सप्तमी आहे.”